वहीतली कोकिळा

इनास रुमाव व्हायोलिन घेऊन चिकूच्या झाडाला लावलेल्या शिडीवर चढला, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. खाली शिडी धरून उभी असलेली त्याची थोरली बहीण सेसिल एवढंच म्हणाली, "पडलास तर मी उचलायची नाही."

वाडीच्या कोपऱ्यात कानखांब उभा होता. विजेच्या खांबासारखाच, पण वर दिव्याऐवजी जाळीदार डबा. हा डबा दिवसभर ऐकायचा आणि आवाजावरून चारशे पक्षी ओळखायचा. ज्या जमिनीवर सलग तीन उन्हाळे कोकिळा ऐकू आली नाही, ती जमीन 'मूक' ठरायची आणि तिच्यावरचं हरित आरक्षण उठायचं. वसईतली एकेक वाडी अशी मूक होत गेली होती. खांब बसल्यापासून रुमावांच्या वाडीचा हा तिसरा उन्हाळा, आणि आज मे महिन्याची शेवटची सकाळ. शिक्का बसला की सहा पदरी रस्ता बावखलावरून, म्हणजे आजोबांनी खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावरून, जाणार होता. त्याच पाण्यावर सेसिल अजून मोगरा पिकवत होती.

कोकिळा वीस वर्षांत कुणी पाहिली-ऐकली नव्हती. आधी झाडं कापायची आणि मग पक्षी का येत नाही हे ऐकायला यंत्र बसवायचं, याला अक्कल लागते. फसवणूक होऊ नये म्हणून पक्ष्यांची जुनी ध्वनिमुद्रणंही कुलूपबंद केली होती. खऱ्या तारेवर वाजवलेला आवाज मात्र कानखांबाला पक्ष्याच्या आवाजापासून वेगळा ओळखता येत नाही, असं इनासच्या कानावर आलं होतं.

आणि कोकिळा तर त्याच्या बोटांत होती. चाळीस वर्षं चर्चच्या हॉलमध्ये तो मुलांना एक जुनी इटालियन रचना शिकवत आला होता. तिच्यात व्हायोलिनवर चारही ऋतू उतरतात: वसंतातले पक्षी, भुंकणारा कुत्रा, उन्हाळ्यातलं वादळ. उन्हाळ्याच्या पानावर एका पक्ष्याचं परदेशी नाव होतं. प्रत्येक मुलाच्या वहीत तिथे इनास स्वतःच्या हाताने 'कोकिळा' असं लिहून द्यायचा.

त्याने तारांवर गज टेकवला. दोन स्वर, पहिला वर, दुसरा खाली. पुन्हा तेच, आणि पुन्हा. इतकी साफ कोकिळा त्याने आयुष्यात वाजवली नव्हती. सेसिलचे डोळे भरून आले.

दुपारी नोंदणी अधिकारी तन्वी चुरी आली. लहानपणी ती इनासकडेच शिकली होती. तिने हातातल्या यंत्राचा पडदा त्याच्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: 'कुकू. स्थानिक कोकिळा नाही. नोंद रद्द.'

"यंत्र फसलं, सर," ती म्हणाली. "खरा पक्षीच समजलं. पण तुम्ही तिकडचा, युरोपातला पक्षी वाजवलात. माझ्या वहीत लिहून दिला होतात ना, तोच. आपली कोकिळा खालून वर चढत जाते."

"तू ऐकलीयस?" सेसिलने विचारलं.

"मी कुठली ऐकायला? आलेखावर रेघ वर जाताना पाहिलीय." तन्वीने घड्याळ पाहिलं. "सहापर्यंत नोंदणी चालू आहे. मी बावखलाकडे चक्कर मारून येते. मला काही ऐकू आलेलं नाही."

ती गेली. इनासने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. खालून वर, पण कुठून निघून कुठवर? मध्ये किती थांबून? त्याने वाजवून पाहिलं, तर नुसती सरगम निघाली. आणि मग त्याला आठवलं ते त्याला आठवायला नको होतं. पूर्वी दर उन्हाळ्यात शिकवणीच्या वेळी हॉलबाहेर कोकिळा कोकलायची, मुलांचा सूर हलायचा, आणि तो वैतागून उठून खिडकी लावून घ्यायचा.

"सेसिल," तो म्हणाला, "तू तर शिकवणीच्या वेळी कायम बाहेर असायचीस. तू म्हणून दाखव ना."

सेसिल शिडीच्या खालच्या पायरीवर टेकली.

"मी बाहेर बसून तुझंच ऐकायचे रे," ती म्हणाली. "आता कुणाला विचारायचं?"