चोवीस नंबरची बाटली

आमच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही तेवीस जण होतो. हा आकडा मी छातीठोकपणे सांगते, कारण पहिल्या दिवशी सामान वाटताना भांडारवाल्या काकांच्या मदतीला मीच होते. तेवीस ट्रे, तेवीस ॲप्रन, तेवीस चष्मे. वर्गात मला 'तराजू' म्हणत. कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नसे.

माझ्या शेजारच्या जागेवर भिंग असायची. जाड चष्म्यामुळे शाळेत तिला ते नाव पडलं होतं, आणि पाडणारी मीच. दहा वर्षांची मैत्री. ती धांदरट, मी काटेकोर. ती माझ्या परीक्षानळ्या फोडायची, मी तिची गणितं सोडवायचे.

दर बुधवारी दुपारी दोन ते पाच. कामाची रीत ठरलेली. पदार्थ तयार करायचा, गरम पाण्यात विरघळवायचा, हळूहळू गार होऊ द्यायचा. स्फटिक खाली बसले की गाळायचे, वाळवायचे, छोट्या बाटलीत भरून वजन करायचं. बाटलीवर जागेचा नंबर, तारीख आणि वजन लिहून ती कपाटात ठेवायची. पुढच्या बुधवारी बाई पुन्हा वजन करून गुण देत.

तिसऱ्या आठवड्यात माझं वजन अकरा शतांश ग्रॅमने कमी भरलं.

"ओल उडाली असेल," बाई म्हणाल्या.

पटण्यासारखं होतं. म्हणून पुढच्या वेळी मी स्फटिक ओव्हनमध्ये ठेवून तीनतीनदा वजन केलं आणि आकडा हलेनासा झाल्यावरच झाकण लावलं. तरी आठवड्याने बारा शतांश कमी. मग मी इतरांना विचारत सुटले. सगळ्यांचंच कमी होत होतं. पण इतकं थोडं, की कुणी मनावर घेतलं नव्हतं. फक्त भिंगचं वजन जसंच्या तसं होतं.

"माझं मुळातच इतकं कमी असतं, की चोरालाही दया येत असेल," ती हसून म्हणाली.

मीही हसले. पण चोर हा शब्द तिने काढला होता, मी नाही.

त्याच दिवशी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, अगदी मागे, मला ती बाटली दिसली. लेबल रीतसर होतं. जागा चोवीस, खाली तारीख, खाली वजन. दोन ग्रॅम एकसष्ट. आतले स्फटिक पांढरेशुभ्र, सुयांसारखे, इतके सुबक की आमच्यापैकी कुणाच्याही हातून तसे उतरले नसते.

मी भिंग सोडून बाकीच्या बावीस जणांची त्या आठवड्यातली तूट एकाखाली एक मांडली. बेरीज दोन ग्रॅम एकसष्ट आली. दुसऱ्यांदा केली, तरी तेवढीच.

कपाटाला कुलूप असे. बाटल्या आत ठेवायचं काम त्या सत्रात भिंगकडे होतं, आणि चावीही.

मी कुणाला काही बोलले नाही. त्या बुधवारी माझ्या स्फटिकांत जांभळ्या रंगाचा एक कण मिसळला, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टीवर सही केली. पुढचा आठवडाभर भिंगच्या तोंडाकडे मला धड बघवेना. ती बोलायची तेव्हा मी तिची नखं बघायचे. कडेला कुठे जांभळं दिसतंय का ते.

"काय गं, माझ्या हातांवर काय लिहिलंय?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

बुधवारी कपाट उघडलं. माझी पट्टी शाबूत होती, सही जागच्या जागी. वजन कमी. आणि चोवीस नंबरच्या बाटलीला फिकट जांभळी झाक आली होती.

त्या शाबूत पट्टीचा मी विचार करायला हवा होता. पण मला रंग तेवढा दिसला.

"चावी हिच्याकडे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "प्रत्येकाचं घटतं, हिचं घटत नाही. आणखी काय सांगू, बाई?"

नळ चालू होते ते कुणीतरी बंद केले. भिंगने ती बाटली उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ लेबल वाचत राहिली.

"तारखेतल्या साताच्या पोटात आडवी रेघ आहे," ती हळूच म्हणाली. "अशी रेघ वर्गात कोण मारतं?"

मी मारते. हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या वह्या उतरवून घेतेस ना तू?" मी म्हणाले. "अक्षर गिरवायला कितीसा वेळ लागतो!"

तिने चावी टेबलावर ठेवली. ॲप्रन काढला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि ती गेली. दहा वर्षांत मी तिला कशाचीही घडी घालताना पाहिलं नव्हतं.

चौकशी होईपर्यंत तिने प्रयोगशाळेत यायचं नाही, असं पत्र निघालं. चावी बाईंनी स्वतःच्या गळ्यात अडकवली.

पुढच्या बुधवारी बाईंनी आमच्यादेखत कुलूप काढलं. एकेक बाटली तराजूवर ठेवली. माझी. पलीकडच्याची. खिडकीजवळच्या तिघांची.

सगळ्यांचं कमी होतं.

"आठ दिवसांत मी हे उघडलेलंच नाही," बाई म्हणाल्या. त्या आमच्याशी बोलत नव्हत्या.

मी गुडघ्यांवर बसून खालच्या फळीवर हात फिरवला. चोवीस नंबरची बाटली तिथे नव्हती. धुळीत तिच्या बुडाएवढं गोल स्वच्छ वर्तुळ तेवढं होतं.

मी ॲप्रनसकट बाहेर पडले. भिंगचं घर दोन गल्ल्या सोडून. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. चुकलं माझं. मला अक्कल नव्हती. एकही वाक्य पुरं होईना.

दार तिच्या आईने उघडलं. मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखणाऱ्या काकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून जिन्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"काकू, मला तिची माफी मागायचीय."

"मघाशी मागितलीस की," काकू म्हणाल्या. "किती रडलात दोघी." त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. "आत्ता तर वर गेलीस. खाली कधी आलीस?"

वरच्या खोलीतून भिंगचं हसू ऐकू आलं. तिने काहीतरी विचारलं, जरा थांबली, आणि पुन्हा हसली.

काकूंनी दार थोडं लोटलं. फट तळहाताएवढी उरली.

"थांब हं," त्या म्हणाल्या.

आणि माझ्यावरची नजर न काढता त्यांनी माझ्या नावाने जिन्याच्या दिशेने हाक मारली.

वरून ओ आली.