कारणाचा कोरा रकाना

"मॅडम, तो कॉमा मीच इसरलो होतो... पण ‘काहून’ तीन-तीनदा इचारा लागते का?"

मी दचकून वळले. अकोल्याहून अमरावतीला निघालेली एसटी, मांडीवर लॅपटॉप, आणि शेजारचा हा भला माणूस खुशाल माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत होता!

"दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये काय पाहून राहिले तुमी?"

"माहंच काम नाकारून राहिल्या तुमी. पाहू नको त काय करू?"

तर असा भेटला जीवन. अकोल्याचा, फुलवाल्यांच्या घरचा. शर्टाला शेवंतीचा वास. मराठी शब्द बाराखडीच्या क्रमानं लावणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी आम्ही पाचसहा जण सांभाळायचो; जीवन त्यातलाच, पण तोवर स्क्रीनवरचं नुसतं नाव. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट वापरा, कोणीही सुधारा. तिच्या बिल्डच्या फाइलमध्ये सगळी माहिती असते — कितवी आवृत्ती, आणखी कुठल्या लायब्ऱ्या लागतात, सांभाळणारे कोण. तिथे एक कॉमा चुकला तरी सगळ्यांचं काम अडतं. त्या फाइलीतले बदल तपासायचं काम माझ्याकडे. आणि मी खाष्ट! कारणाचा रकाना नीट भरला नसला की खाली आमच्या वऱ्हाडीतलं ‘का?’ लिहायचे, एकच शब्द: काहून?

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्यानं न विचारता दोन चहा आणले. कप घेताना बोटं लागली... मी हात झटकन मागे घेतला. चहा गरम आहे, असं सांगितलं त्याला.

मग दर आठवड्याला त्याचा एक तरी बदल यायचा. उगीच आवृत्तीचा आकडा वाढवायचा आणि कारण लिहायचा, "मॅडम नाराज वाटल्या म्हणून."

"नामंजूर. मॅडम मजेत आहेत."

"मंग भेटा ना रविवारी."

भेटायचो. कधी अकोला, कधी अमरावती. एकदा चिखलदऱ्याला, धुक्यात कॉफी पिताना तो हळूच म्हणाला, "दामिनी, तुह्या मनात काही चालून राहिलं का?"

तेव्हाच सांगायचं होतं मला! ओठांवर आलं होतं. आणि मी काय म्हणाले? "हो, तुह्या फाइलीतली चूक." हसला बिचारा.

जूनमध्ये आमच्यातल्याच वर्षालीकडून कळलं, जीवनला बंगळुरूला नोकरी मिळतेय. मला सांगितलंसुद्धा नाही! डोक्यात तिडीक गेली. त्याच संध्याकाळी त्याचा बदल आला. सांभाळणाऱ्यांच्या यादीतून एकच ओळ काढलेली — त्याचं स्वतःचं नाव. कॉमे सगळे जागच्या जागी. कारणाचा रकाना मात्र कोरा.

त्या बसपासून एकदाही त्यानं तो कोरा सोडला नव्हता. मला कळलं नाही असं नाही. मी विचारावं म्हणूनच सोडला होता. पण रुसवा आडवा आला ना... जातोस तर जा! मी बटण दाबलं. मंजूर.

आठ दिवस त्याचा फोन नाही, माझाही नाही. नवव्या दिवशी वर्षाली म्हणाली, "गेला तो काल. गाडी सुटेपर्यंत मोबाइलच पाहून राहिला होता. म्हणे, तिनं एकदा ‘काहून’ म्हटलं असतं, त नोकरी घेतलीच नसती."

तरीही मी फोन केला नाही. मूर्खपणा म्हणतात तो हाच. दिवाळी गेली, तेव्हा कुठे धीर झाला.

"जीवन, मले तू आवडतो. पहिल्यापासून."

"परवा साखरपुडा झाला माहा," तो म्हणाला. मग अगदी हळू — "आता सांगून राहिली वं?"

"हो... आता."

रागावला असता तर बरं झालं असतं. भांडायला मी कधीही तयार असते. पण तो रडत होता, आणि रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, ते मला कधी कळलंच नाही.