आठचा टॉवेल

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अक्कांनी पहिल्यांदा स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप विकत घेतलं. आधीची घरं एक वडिलांचं, एक सासऱ्यांचं, आणि नवरा गेल्यावर मुलाचं. चालवली सगळी त्यांनीच, पण दारावरचं नाव कायम दुसऱ्याचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं. हात छातीशी आखडून बसला, पाय फरफटू लागला. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि घरातल्यांचं म्हणणं असं की गेलेल्या अंगाचं सगळं बळ तिच्यातच येऊन बसलं. सून वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. "अक्का, बसा, मी करते" असं म्हणत म्हणत तिने अक्कांच्या हातून आधी चहाचं भांडं काढलं, मग कपाटाच्या किल्ल्या काढल्या. एक दिवस चार पाहुण्यांसमोर तिने त्यांच्या गळ्यात लहान मुलासारखा रुमाल बांधला. अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. अक्का बोलल्या नाहीत म्हणजे काहीतरी होणार, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

महिन्याभरात त्यांनी समोरच्या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. दोन खोल्या, मोरी, एक गॅलरी. व्हरांड्याच्या टोकाला, शेजारच्या दाराला कुलूप. गॅलरीसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मुलाच्या स्वयंपाकघराची खिडकी.

"एकटी राहणार? चहा कोण गाळणार तुझा?" मुलगा म्हणाला.

"डावा हात काय शोभेला ठेवलाय?"

"बरं. पण एकदा जरी पडलीस, एकदा जरी काही विसरलीस, की मुकाट्याने परत यायचं. मग हा विषय पुन्हा नाही."

"पडले तर ना? माझीही अट ऐक. सकाळी आठच्या आत मी गॅलरीत पिवळा टॉवेल घालीन. दिसला की समजायचं, म्हातारी धडधाकट आहे. मग फोन नाही, चौकशी नाही, डबा नाही. दिसला नाही तर या धावत."

"आणि रविवारी?" सुनेने विचारलं.

"रविवारी पाचला या. ज्या रविवारी तुमची तोंडं बघायची नसतील, त्या दिवशी टॉवेल दुहेरी घडी करून घालीन. तसा दिसला की आपापल्या घरी बसा."

मुलगा हसला. सून हसली नाही. सामान अजून यायचं होतं. रिकाम्या खोलीत अक्कांचा आवाज घुमला आणि जरा वेळाने विरला.

मोरीत धरायला दांडा बसवायचा म्हणून सुतार आला. भिंतीवर त्याच उंचीवर जुन्या स्क्रूची चार भोकं बुजवलेली होती.

"इथं आधीही दांडा होता?"

"मीच बसवला होता, आजी. आधीच्या बाबांना."

"आजी तुझ्या घरी. त्या बाबांचं काय झालं?"

"एकटेच होते. पण फार टापटिपीचे. शेवटपर्यंत रोज गॅलरीत कपडा वाळत असायचा."

"शेवटपर्यंत म्हणजे?"

सुताराने चार स्क्रू ओठात धरले आणि भिंतीकडे तोंड केलं. तोंडात स्क्रू असलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. गॅलरीतल्या तारेवर चार लाकडी चिमटे राहिले होते, जुने, काळे पडलेले. अक्कांनी ते त्याच्याकडून काढवले आणि स्वतः पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले.

पहिले पंधरा दिवस अक्कांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. चार पायांची काठी टेकत त्या घरभर फिरत. आंघोळ करून टॉवेल धूत. एका हाताने पीळ बसत नाही, म्हणून तो नळाला गुंडाळून ओढायचा. तरी निम्मं पाणी त्यातच राही. मग एक प्लॅस्टिकचा चिमटा दातात, एक खिशात. दोन टोकांना दोन चिमटे लागले की झालं. टॉवेल दहा वाजेपर्यंत टपटप गळे. ऊन त्यातून आत येई आणि पलंगाजवळच्या भिंतीवर पिवळा चौकोन पडे. अक्का त्या चौकोनाखाली बसून चहा पीत आणि पलीकडच्या खिडकीतल्या सुनेकडे मुद्दाम बघत नसत.

दुसऱ्या रविवारी त्यांनी टॉवेल दुहेरी घातला. काही कारण नव्हतं. चालतं का ते बघायचं होतं. चाललं, कुणी आलं नाही. अक्का दिवसभर खूश होत्या.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, जाग आली तेव्हा आठला पाच कमी होते. नव्या गोळीने झोप लांबली होती. काठी धरून त्या धडपडत गॅलरीत गेल्या.

टॉवेल तारेवर होता.

सरळ, ताणून घातलेला. चार लाकडी चिमटे, सारख्या अंतरावर. अक्कांनी कडेला हात लावला. ओल होती, पण एक थेंब गळत नव्हता. कापडावर पिळाच्या खोल सुरकुत्या होत्या, आणि असा पीळ दोन हातांशिवाय पडत नाही.

अक्का बावळट बाई नव्हत्या. त्यांनी दाराची कडी बघितली. आतून लावलेली होती. त्यांनी स्वतःला सांगितलं, पहाटे उठून आपणच घातला असेल आणि पुन्हा झोपलो असू. चिमटे सुताराने एखाद्या कोपऱ्यात सोडले असतील. पिळाचं काय, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चिमटे मात्र एकेक करून कठड्यावरून खाली टाकले. चारही खाली पडल्याचा आवाज ऐकला.

बुधवारी त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. टॉवेल लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. सहापासून गॅलरीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. सात वाजले. आठ वाजले. तार रिकामीच होती. साडेआठ झाले, नऊ झाले. पलीकडून कुणी धावत आलं नाही.

दहाला त्यांचा पारा चढला. त्यांनी फोन लावला.

"काय गं, डोळे मिटून चहा करतेस का?"

"का अक्का? काय झालं?"

"टॉवेल दिसला का आज?"

"हो की. आठलाच दिसला." भांडी सरकवल्याचा आवाज आला. "आत्ताही दिसतोय."

अक्कांनी समोर बघितलं. रिकाम्या तारेवर ऊन चमकत होतं. पलीकडच्या खिडकीत कानाला फोन लावलेली सून उभी होती आणि इकडेच बघत होती.

"अक्का? बऱ्या आहात ना?"

एवढंच सांगायचं होतं, की बये, मी आज टॉवेल घातलेलाच नाही. पण सून ते नवऱ्याला सांगणार. नवरा डॉक्टरला. संध्याकाळी बॅग पलीकडे, आणि गळ्यात रुमाल.

"मला काय धाड भरलीय? तुझं लक्ष आहे का ते बघत होते."

फोन ठेवून त्यांनी कपाट उघडलं. टॉवेल ठेवला तिथेच होता, घडी केलेला. घडीच्या आत हात घातला. गार लागलं.

त्या रात्री त्यांनी ठरवलं की रविवारी मुलगा आला की गोष्ट अशी फिरवायची, की रोज फोन करायची कल्पना त्यालाच सुचावी. म्हणजे हरल्यासारखं होणार नाही. चारच दिवस तर काढायचे होते.

गुरुवारी सकाळी सात वाजता त्या मोरीकडे निघाल्या. फरशीवर पाण्याचे थेंब होते, एका ओळीत, कपाटापासून गॅलरीपर्यंत. हे त्यांना पडल्यावर दिसलं. काठीचा पाय सटकला, आणि त्या डाव्या अंगावर पडल्या, त्यांच्या चांगल्या अंगावर.

खुब्यात काहीतरी मोडल्याचं त्यांना आतून कळलं. कशाबशा उताण्या झाल्या. डोकं मोरीच्या दारात, पाय खोलीत. डावा हात बादलीतल्या तांब्यापर्यंत पोचत होता. फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर. त्यांनी हाका मारल्या. शेजारच्या बंद घराने त्या ऐकून घेतल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या तशाही अवस्थेत हसल्या. टॉवेल काल रात्री टाकला तसाच पलंगाच्या दांडीवर होता, कोरडा. आठ वाजता सून खिडकीत येईल, तार रिकामी दिसेल, दोघं धावत येतील. येऊ देत. नेऊ देत पलीकडे. रुमाल बांधा, चमच्याने भरवा, काय हवं ते करा.

आठला दहा कमी असताना मोरीतला नळ सुटला.

त्यांच्या डोक्यामागे, हातभर अंतरावर. पाणी कापडावर पडल्याचा आवाज. अक्कांना मान वळवता येत नव्हती. नळ बंद झाला. मग सावकाश पिळल्याचा आवाज, आणि फरशीवर धार.

त्यांना ओलांडून कुणी गेलं नाही. कपाळावर एक थेंब पडला, एवढंच.

गॅलरीत चिमटे लागले. टक. टक. टक. टक.

भिंतीवर पिवळा चौकोन पडला.

अक्का ओरडल्या. सुनेला नावाने हाक मारली, जी लग्नानंतर कधी मारली नव्हती. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. साडेआठला पलीकडची खिडकी लावल्याचा आवाज आला. सून आपल्या कामाला लागली.

शुक्रवारी पुन्हा तेच. नळ, पीळ, चार चिमटे, चौकोन. संध्याकाळी फोन वाजला. अक्कांनी मोजलं, अकरा वेळा. मग थांबला. अक्का फोन उचलत नाहीत, ही त्या घरात नवलाची गोष्ट नव्हती. टॉवेल तर दिसत होता.

शनिवारी त्या ओरडल्या नाहीत. तांब्यातलं पाणी घोट घोट पुरवलं. नळ सुटला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आज राहू दे. माझ्या लेकराला येऊ दे." इतक्या मऊ आवाजात त्या आयुष्यात कुणाशी बोलल्या नव्हत्या. नळ क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

तरी रविवार होता. रविवारी चौकोन पडो न पडो, पाचला दोघं येणारच. दाराला आतून कडी होती, पण मुलगा दार फोडायला कमी करणार नव्हता. अक्का उजाडल्यापासून तास मोजत पडून राहिल्या. त्याला काय म्हणायचं तेही ठरलं होतं: हरले रे बाबा, चल घरी.

नळ सुटला. बंद झाला. पीळ बसला.

त्यांनी चिमटे मोजायला कान लावला. टक. टक.

त्या तिसऱ्याची वाट बघत राहिल्या.

ऊन वर आलं. भिंतीवरचा पिवळा चौकोन आज निम्माच होता.