बाईंचं कोरं पाणी

त्या दुपारी मी फक्त एक बाटली ओतायला गेले होते. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? पण ते पाणी ध्रुवाजवळच्या समुद्रातलं, हिमनदीच्या पोटाखालून काढलेलं. ज्या भेगेतून ते काढलं, ती भेग आता बर्फाने बुजून गेली होती. बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन घोट उरले होते. ते नासले असते तर पुन्हा मिळणार नव्हते.

ते पाणी आणलं होतं माझ्या सासूबाईंनी. घरी मी त्यांना आई म्हणायची, प्रयोगशाळेत सगळ्यांसारखं बाई. त्यांचं म्हणणं असं, की त्या समुद्रात सगळं आहे, दुष्काळ आहे तो फक्त विरघळलेल्या लोहाचा. त्याची चिमूटभर भर घालतो तो वितळणारा बर्फ, आणि तेवढ्यावर तिथलं शेवाळ जगतं. लोक हसायचे. "बाई, तुम्ही तुमच्या जहाजाचा गंज मोजलात," म्हणायचे. शेवटचा नमुना मोजून या लोकांची तोंडं बंद करायची, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बाई झोपेतच गेल्या, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

या कामात खरा शत्रू आपण स्वतः. लोह, जस्त सगळीकडे असतं, धुळीत, घामात, कातडीत. माणूस बाटलीशेजारून नुसता गेला तरी पाण्यात उमटतो. म्हणून आमची ती गाळलेल्या हवेची खोली, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, हातमोज्यांवर हातमोजे. घरी माझ्या हातून दूध उतू गेलं तरी बाई चकार शब्द काढायच्या नाहीत. त्या खोलीत मात्र मी खाकरले तरी माझी धडगत नसे. पण हात काय होता त्यांचा! धार कधी थरथरली नाही. मी आपली डोळे भरून बघत राहायची. माझे हात पहिल्यापासून धांदरट, मी ओतलेल्या पाण्यात जस्त हमखास सापडायचं.

सुट्टीचा दिवस होता. खोलीत मी एकटी. पंख्यांची एकसुरी घरघर, आणि वास कसलाच नाही, तिथे वासही गाळला जातो. आधी कोरं पाणी घेतलं. म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, पण नमुन्यासारखंच सगळ्या सोपस्कारांतून न्यायचं, ओतणाऱ्याने स्वतःची किती घाण मिसळली ते कळावं म्हणून. बाटली उचलली आणि माझा हात कापायला लागला.

तेवढ्यात मागे सळसळ झाली. झग्याचा तो आवाज आम्हाला ओळखीचा असतो, चालताना कागद चुरगळल्यासारखा. मी तर जागची हललेही नव्हते. वळून बघायचा धीर होईना. मग कोपराखाली काहीतरी टेकलं... थंडगार, तळव्याएवढं. कोपर अलगद वर उचललं गेलं. बाई शिकवताना उचलायच्या, अगदी तितकंच.

"आई...?" मी पुटपुटले.

सळसळ थांबली. कोपराखालचा दाब जरा वाढला. ओतताना बोलायचं नसतं, श्वास पाण्यात पडतो. मी ओठ मिटले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त भरून आलं होतं. कोरं पाणी ओतलं, मग ते शेवटचे दोन घोट. धार एकदाही तुटली नाही.

मोजणीच्या यंत्रावर काका बसतात. बाईंबरोबर सगळी नोकरी केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी नमुना लावला. लोह होतं! बाई म्हणाल्या होत्या तेवढंच. मी टाळी वाजवणार, तोच काकांचा चेहरा उतरला.

"पोरी, कोऱ्या पाण्यात काहीच नाही."

"मग चांगलंच की, काका."

"अगं, काहीच म्हणजे काहीच. जस्तसुद्धा नाही. हे बाईंनाही कधी जमलं नव्हतं. जिवंत माणसाच्या हातून असं होत नाही... यंत्रच बिघडलंय. मग ते लोह तरी खरं कशावरून?"

बाईंचं पाणी तर संपलं होतं.

काकांनी खात्री करायला शुद्ध पाण्यात स्वतःची करंगळी बुडवली आणि ते पाणी यंत्राला दिलं. पडद्यावर जस्ताची रेघ ताडकन वर गेली. यंत्र ठणठणीत होतं. बाई खऱ्या ठरल्या होत्या. मला रडू फुटलं, काकांनीही चष्मा काढून डोळे पुसले.

"काय बाई होती!" ते म्हणाले. मग मला हसवायला म्हणून, "आता तू बुडव. बघू किती मळकी आहेस."

मी बुडवली. नुकताच डबा खाल्ला होता, हातही नीट धुतला नव्हता. रेघ हलली नाही.

"दुसरा हात दे..."

तरीही हलली नाही. काकांनी हळूच माझं मनगट धरलं. नाडी लागत होती. आम्ही कुणापाशी काही बोललो नाही.

बाईंचं संशोधन छापून आलं, हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. आता कुठून कुठून नमुने खास माझ्याकडे ओतायला येतात. मला अभिमान वाटतो, अगदी मनापासून. बाईंसारखे हात मिळाले, सुनेने आणखी काय मागावं?

फक्त माझी लेक आहे ना, आजीची लाडकी, ती माझं बोट धरल्याशिवाय झोपत नाही. परवा ती प्रयोगशाळेत आली आणि हट्टाने तिनेही काकांच्या पाण्यात बोट बुडवलं. रेघ उठली... आणि अर्ध्यावरच थांबली.