राजनंदिनीचे शब्द

केदार तिसगावच्या शाळेत चित्रकला शिकवत. मुलगी राजनंदिनी सहाव्या वर्षी तापानं गेली, त्यानंतर वर्षभर त्यांनी कुंचला हातात धरला नाही. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मधल्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर त्यांनी तिच्या उंचीची बाह्यरेषा काढली आणि ती शब्दांनी भरायला घेतली. चित्र दिसेल अशी कविता. अट एकच, शब्द तिनंच उच्चारलेले हवेत.

काम सावकाश चाललं. एकेक शब्द ते दिवसदिवस पुटपुटत, तेव्हा कुठं त्याची जागा ठरे. बोटांच्या टोकांना ‘दे ना’ आलं. केसांत ‘नको विंचरू’ गुंतलं. गुडघ्याच्या वळणावर ‘बाऊ’ नेमका बसला, तेव्हा केदार तिथंच खाली बसून रडले.

पुढच्या उन्हाळ्यात पत्नी भार्गवी म्हणाली, “उंच काढलीत तुम्ही तिला.”

“रेघेला मी हातच लावला नाही.”

पण पूर्वी विजेच्या बटणांखाली असलेलं डोकं आता बटणांच्या वर गेलं होतं. शब्दांमधली जागा फाकली होती. पायांशी तर नुसती कोरी भिंत. केदार भरत गेले, जागा वाढत गेली. सहा वर्षांचे शब्द संपत आले.

“आता ती काय बोलली असती गं?”

“तिलाच विचारा की,” भार्गवी सहज म्हणाली.

तिनं माहेरी जाणं सोडलं होतं. जेवणाची पानं ती मधल्या खोलीत मांडू लागली. तीन.

एका सकाळी दूध घालायला आलेली छबूबाई दारातूनच भिंतीकडे बघत राहिली.

“लई हडकली बगा पोर. जेवत न्हाई व्हय?”

बोलून गेल्यावर तीच दचकली. दुसऱ्या दिवसापासून ती दूध ओट्यावर ठेवून, हाक न मारता जाऊ लागली.

भिंतीतच गुंतत चाललेल्या भार्गवीची केदारना काळजी वाटू लागली. एका संध्याकाळी पायांशी उरलेल्या जागेत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचे शब्द लिहिले, ‘नीज आता’. कविता पुरी झाली.

सकाळी उठून पाहतात तर भार्गवी भिंतीसमोर उभी.

“रुसली,” ती म्हणाली.

केदार वाचू लागले. वाचता येईना.

सगळी अक्षरं उलटी झाली होती, कागदाच्या मागच्या बाजूनं दिसावीत तशी.

‘नीज आता’ कुठंच नव्हतं.

राजनंदिनी पाठमोरी झाली होती. तिची एक टाच जमिनीवरून उचललेली होती.