फाटकावरच्या तीन खोट्या सूचना

निवेदिका आली तेव्हा भावोजी शिंकत होते. शेजारच्या खोलीच्या खिडक्यांना सकाळीच रंग दिला होता, आणि ताज्या रंगाचा वास म्हणजे भावोजींच्या नाकाचा जन्माचा वैरी. पाहुणीला "बसा" म्हणायला तोंड उघडलं की शिंक. शेवटी वहिनींनीच तिला खुर्ची दिली.

वहिनी खासगी शोधाचं काम करत. भावोजी त्यांचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यावर "नुसतं बसून काय करू" म्हणत ते मदतीला आले. तेव्हापासून आपल्यावाचून वहिनींचं पान हलत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"माझी नोकरी चाललीय," निवेदिका म्हणाली. "नोकरीचं एक वेळ सोडा. सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हटलं, ते सहन होत नाही."

ती एका लहानशा विद्यापीठात कामाला होती. कुठला कार्यक्रम कधी, कुठे, हे रोज सकाळी मुख्य फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचं तिचं काम. सगळं विद्यापीठ त्या फळ्यावर चालायचं.

"महिन्याभरात तीनदा कुणीतरी माझी सूचना पुसून दुसरीच लिहिली," ती म्हणाली. "आधी कविसंमेलन, मग गायनस्पर्धा, काल व्याख्यान. तिन्ही सभागृहात होती. फळ्यावर आलं, मैदानावर. काल लोक मैदानावर बसले आणि वक्ते बिचारे रिकाम्या सभागृहात उभे."

"दिवसाढवळ्या?" भावोजींनी विचारलं.

"दुपारी फाटकाशी कुणी नसतं. सगळे वर्गात. कुलसचिव म्हणतात, फळा तुझा, खडू तुझा, तूच अक्षर बदलून लिहिलंस. उद्या दीक्षांत समारंभ झाला की मला घरी पाठवणार. काल ते बोलत होते आणि सगळे खाली मान घालून उभे. एकट्या बांधकाम पर्यवेक्षकांनी पाण्याचा पेला पुढे केला."

"तुमचं अक्षर कसं आहे?"

"अक्षर बरं आहे, पण ओळ चढते. उजवीकडे जाता जाता वर वर. मुलं हसतात."

वहिनी उठल्या. "भावोजी, स्कूटर काढा."

रस्त्यावर इतकी धूळ होती की पोहोचेपर्यंत भावोजींच्या भुवया पांढऱ्या झाल्या. फळा मोठा होता, दोन्ही हात पसरले तरी कवेत न येणारा. कालची सूचना पुरावा म्हणून तशीच ठेवली होती, आणि ती कुणी पुसू नये म्हणून खुर्ची टाकून एक शिपाई बसवला होता.

'आजचे व्याख्यान सभागृहाऐवजी मैदानावर होईल. सर्वांनी नोंद घ्यावी.' अक्षरं छापल्यासारखी. प्रत्येक ओळीखाली एक फिकट लाल रेघ, कडांना भुरभुरलेली. फळ्याच्या लाकडी चौकटीवर, रेघेच्या दोन्ही टोकांना, लाल डाग.

"आखून लिहिलंय," भावोजी म्हणाले. "शाळेत आम्हीही पट्टीने आखायचो."

"एवढी लांब पट्टी कुणाकडे असते, भावोजी?"

भावोजींनी फळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि विषय बदलला.

कुलसचिव घाईत होते. दीक्षांत समारंभ तोंडावर, आणि त्यात हे झेंगट. "उद्या सभागृहात खाली पदवीधर बसतील, वर सज्ज्यात त्यांचे आईवडील. सज्जा गच्च भरणार. मला ह्या भानगडीत वेळ घालवायचा नाही. ती बाई दोषी आहे."

"संध्याकाळपर्यंत थांबा," वहिनी म्हणाल्या. "उद्या तिला काढलंत आणि ती निर्दोष निघाली तर माफी मागावी लागेल, तीही समारंभाच्या दिवशी. बरं दिसणार नाही."

कुलसचिवांना कुणी असं बोलत नसे. ते थांबले.

संशय सगळ्यांचा होता इतिहासाच्या प्राध्यापकांवर. कालच्या वक्त्यांशी त्यांचं वर्षानुवर्षांचं हाडवैर. ते चहा पीत शांत बसले होते.

"मला त्याची फजिती करायची असती तर मी 'व्याख्यान रद्द' असं लिहिलं असतं," ते म्हणाले. "त्याच्यासाठी मैदानावर गर्दी कशाला जमवू? आणि झालं काय, त्याला निरोप गेला, तो मैदानावर आला आणि तासभर बोलला. बरा बोलला, हेच माझं दुःख आहे."

भावोजींना हे पटलं. पुढचा संशयित त्यांनी स्वतःच शोधला. नाट्यशिक्षकांना तालमीला सभागृह हवं असतं, हे शिपायाने सांगितलं होतं. "कार्यक्रम बाहेर काढला की सभागृह मोकळं. सरळ हिशोब आहे, वहिनी."

सभागृहाचं दार उघडायला भावोजींनी हात लावला, मग जोर लावला, शेवटी खांदा. दार कुरकुरत उघडलं.

"हल्ली असंच झालंय," आतून नाट्यशिक्षक म्हणाले. "मागच्या वर्षी करंगळीने उघडायचं."

"लाकूड पावसात फुगतं," भावोजींनी जाणकारपणे सांगितलं. वहिनींनी त्यांच्या भुवयांवरच्या धुळीकडे पाहिलं.

"तालमीला सभागृह मिळत नाही का?" त्यांनी नाट्यशिक्षकांना विचारलं.

"न मिळायला काय झालं? आम्ही मोजकी मंडळी, रोज रंगमंचावर असतो. गेल्या आठवड्यात शिक्षकांची बैठकही इथेच झाली, पुढच्या दोन रांगांत. आमच्या सूचनांना कुणी हात लावत नाही. नशीब आमचं."

त्या दाराच्या बरोबर वर लाकडी सज्जा होता. वर जाणाऱ्या जिन्यावर दोरी, दोरीला पाटी: 'रंगकाम चालू आहे'. भावोजी पाटीखाली उभे राहून वर पाहत होते. सज्जा दिसायला देखणा होता, नक्षीदार कठड्याचा. ते बराच वेळ निवांत उभे होते.

"बरं वाटतंय का, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

"अगदी छान. का?"

"काही नाही."

बांधकाम पर्यवेक्षक आपल्या खोलीत होते. केस पिकलेले, बोलणं मऊ. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. "मुलगी सरळ आहे हो," ते निवेदिकेबद्दल म्हणाले. "तिला काढू नये. मी कुलसचिवांना सांगणार आहे." बोलता बोलता त्यांचा हात भिंतीकडे गेला आणि वाकडं झालेलं कॅलेंडर त्यांनी एका बोटाने सरळ केलं. मग त्यांनी विचारलं, "उद्याचा समारंभ सभागृहातच ठेवतायत का अजून?"

"हो. सज्जा गच्च भरणार म्हणे," वहिनी म्हणाल्या. "रंग वाळेल ना तोवर?"

"वाळेल," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. कुलसचिव, दोघे शिक्षक, पर्यवेक्षक, निवेदिका. आता नाव कुणाचं निघणार, म्हणून भावोजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा संशय एव्हाना शिपायावर गेला होता.

"इथे नको," वहिनी म्हणाल्या. "चला, वर सज्ज्यात बसून बोलू." त्यांनी जिन्यावरची दोरी सोडली.

कुलसचिवांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि पर्यवेक्षक आडवे आले. त्यांनी दोन्ही हातांनी कठडे धरले होते.

"साहेब, वर जाऊ नका."

"रंग ओला आहे म्हणून?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी कठडे आणखी घट्ट धरले.

"रंग नाहीच. ताज्या रंगाच्या वाऱ्यालाही आमचे भावोजी उभे राहू शकत नाहीत. सकाळी इथे पाटीखाली उभे होते, एक शिंक नाही. म्हणजे पाटी रंगासाठी नव्हती. वर कुणी जाऊ नये म्हणून होती."

भावोजींनी नकळत नाकाला हात लावला.

"आपण सगळे विचारत होतो, कार्यक्रमाचं वाईट कुणाला करायचं होतं," वहिनी पुढे म्हणाल्या. "कुणालाच नाही. एकही कार्यक्रम रद्द झाला नाही, नुसता बाहेर गेला. तालमी, बैठक, त्यांना धक्का नाही. बाहेर गेले ते फक्त सज्जा भरणारे कार्यक्रम. कुणाला तरी हा सज्जा रिकामा हवा होता. का, ते ह्या दाराने सांगितलं. पाऊस जाऊन किती महिने झाले, बाहेर धूळ उडतेय, आणि दार घट्ट होत चाललंय. लाकूड फुगलेलं नाही. वरचा सज्जा खाली बसतोय, चौकट दाबली जातेय."

कुलसचिवांनी पायरीवरचा पाय मागे घेतला.

"हे ज्याला कळलं, त्यानेच फळा लिहिला. गवंडी, सुतार लाल गेरूच्या भुकटीत घोळवलेली दोरी ताणून धरतात आणि टिचकी मारतात. लांबच लांब सरळ रेघ उठते, कडांना भुरभुरलेली. दोरीची टोकं अडकवली तिथे चौकटीवर डाग पडतात. अक्षर बदलायचं सुचलं, पण ओळ वाकडी सोडवली नाही. कॅलेंडरही वाकडं बघवत नाही ज्यांना, त्यांना कशी सोडवेल?"

पर्यवेक्षक खालच्या पायरीवर बसले.

"तुळईचं भिंतीतलं टोक वाळवीने खाल्लंय," ते म्हणाले. "मागच्या दुरुस्तीत उघडून बघायला हवं होतं. साहेबांना घाई होती, मी वरवर बघून सही केली. नंतर दार घासायला लागलं तेव्हा कळलं. सांगितलं असतं तर आयुष्यभराच्या कामावर पाणी पडलं असतं. वाटलं, सुट्टी लागेपर्यंत लोकांना लांब ठेवू, मग गुपचूप तुळई बदलू."

"आणि उद्या?" वहिनींचा आवाज चढला. त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "फळ्यापाशी शिपाई आहे. आईवडील वर चढले असते, मग?"

"सकाळी सांगणार होतो."

"हे तुम्ही रोजच ठरवत असाल."

निवेदिका पुढे आली. "काल मला सगळ्यांसमोर बोलले तेव्हा तुम्ही तिथेच होतात," ती म्हणाली. "तुम्ही मला पाणी दिलंत. मला वाटलं, एक तरी माणूस आपल्या बाजूने आहे."

पर्यवेक्षकांना मान वर करता आली नाही. "चुकलो, पोरी," एवढंच ते म्हणाले.

कुलसचिवांनी घसा खाकरला. घाईचा शब्द त्यांनाही लागला होता. सभागृहाला कुलूप लावा, मैदानावर खुर्च्या मांडा, असं त्यांनी सांगितलं. मग निवेदिकेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "माझी चूक झाली. फळा तुमचाच आहे. उद्याची सूचना लिहा."

फाटकाशी अजून उजेड होता. तिने फळा स्वच्छ पुसला, लाल रेघांसकट, आणि लिहिलं: 'उद्याचा दीक्षांत समारंभ सभागृहाऐवजी मैदानावर होईल.'

भावोजी बघतच राहिले. चौथ्यांदा तीच सूचना.

वसतिगृहाकडे निघालेली एक पदवीधर मुलगी थांबली. फोन कानाला होता, बहुधा घरी बोलत होती. तिने फळा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, ही तरी खरी आहे ना? माझे आईबाबा येतायत."

"ओळ बघ," निवेदिका म्हणाली.

मुलीने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. ओळ डावीकडून निघाली होती आणि चढत चढत उजव्या कोपऱ्यात पार वर गेली होती.

"आई, मैदानावर या," मुलगी फोनवर म्हणाली. "हो, नक्की. आमच्या बाईंनीच लिहिलंय."