उंबऱ्याजवळची दोन पावलं

माणूस मरतो, पण त्याचं मत अमर असतं. थोरामोठ्यांनी हे सांगून ठेवलं आहे, आणि सांगणारे थोर असल्यामुळे कोणी ते तपासून पाहिलेलं नाही. टोकावड्याचे बाळाराम हरड मास्तर मात्र मेले बुधवारी संध्याकाळी, आणि मतांची वाट मंगळवारीच बंद पडली होती. एका बैलाने टेलिफोनच्या खांबाला अंग घासलं होतं, आणि खांब थोरामोठ्यांनी सांगितला होता तेवढा मजबूत नव्हता.

गुरुवारी सकाळी चंद्रकलाबाई आटगावच्या माहेराहून परतल्या, तेव्हा मास्तर कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसलेले होते. त्यात नवल काही नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ते तिथेच असत. फक्त मान नेहमीच्या जागी नव्हती. कोयत्याचे चार घाव होते. एक खांद्यात रुतला होता, दुसऱ्याने उजव्या हाताची तीन बोटं तोडून की-बोर्डवर पाडली होती, आणि उरलेल्या दोहोंनी मानेचं काम जवळजवळ पुरं केलं होतं. रक्त टेबलावरून ओघळून फरशीवर थिजलं होतं.

फौजदार रंजिता भोईर जीपमधून उतरल्या आणि दारावरची पाटी वाचून थबकल्या. पाटीवर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘चपला घालूनच आत या. कॉम्प्युटर चावत नाही, खिळे चावतात.’

खोली घराला लागूनच, रस्त्याच्या अंगाला होती. पुढे ओटी, आत मास्तरांचं वर्कशॉप. फरशीवर तारांचे तुकडे, पत्र्याचा कीस, उघडी पडलेली यंत्रं. एका कोपऱ्यात करवतीने मधोमध कापलेली प्लॅस्टिकची पेटी आणि तिच्यातून सांडलेली वाळू.

खुर्चीपासून दारापर्यंत रक्ताची पावलं गेली होती. अनवाणी. उंबऱ्याजवळ आतल्या बाजूला दोन पावलं शेजारी शेजारी, अगदी जुळवून उमटली होती. उंबऱ्याबाहेर, ओटीवर, रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

“इथं थांबून पाय पुसलं असतील,” हवालदार कुंडलिक घुडे म्हणाले.

“कशाला? ओटी घाण होईल म्हणून?”

कोयता टेबलाखाली पडला होता. मूठ पुसलेली होती.

रंजिता पावलांपाशी उकिडव्या बसल्या. लांब, अरुंद पंजा. बोटं एकमेकांना चिकटलेली, करंगळी आत मुडपलेली.

तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या चंद्रकलाबाई म्हणाल्या, “हे वर कसं आलं?”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर निळं कापडी आवरण घातलं होतं. नीट, चारी कोपरे ओढून. त्याच्या कडेला रक्ताचा पट्टा होता, आणि कांद्याची दोन सालं चिकटली होती.

“असं का म्हणता?”

“हे त्या कोपऱ्यातल्या कांद्याच्या टोपलीवर असतं. मशीनबरोबर फुकट आलेलं. ह्यांनी एक दिवस नाय घातलं. म्हणायचे, लोखंडाला काय थंडी वाजते का.”

रंजिता मास्तरांना कधी भेटल्या नव्हत्या, पण ओळखत दोन वर्षं होत्या. ‘यंत्रचावडी’ नावाची एक चावडी इंटरनेटवर भरत असे. ठाण्यापासून अमेरिकेपर्यंतची मराठी माणसं तिच्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी भांडत. सगळा कारभार ईमेलवर. दिवसभर ज्याने त्याने आपलं मत पाठवायचं; दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मतं एकगठ्ठा घरपोच. मोबाइलमुळे पेट्रोलपंप पेटतो का? कॉम्प्युटरपुढे चपला काढाव्यात का? यावर एकदा सहा आठवडे रण माजलं होतं. तेव्हा ‘शंकासूर’ या नावाने लिहिणाऱ्या हरड मास्तरांनी निकाल दिला होता : ‘कॉम्प्युटरचा विषाणू चपलेतून येत असेल, तर गुरांची लाळ-खुरकूत फ्लॉपीतून येते.’ रंजिता चावडीवर कधी लिहीत नसत. फौजदाराने मत मांडलं की लोक त्याला जबाब समजतात.

दुपार व्हायच्या आत आरोपी सापडला. घुड्यांना तो शोधावा लागला नाही. तो वैशाखऱ्याच्या वाडीत आपल्या झोपडीपुढे बसला होता. नामा मेंगाळ, वाडीतला ठाकर. चौकीत आणताना घुड्यांनी त्याला दोन ठेवून दिल्या होत्या. ओठ फाटून दातांवर रक्त आलं होतं. त्याची बायको मंगळी जीपमागून चालत आली आणि चौकीच्या पायरीवर बसून राहिली.

“कोयता तुझा?” रंजितांनी विचारलं.

“माझाच.”

“तिथं कसा?”

“चुलीची फाटी तोडाया गेलतो. अर्धी राहली. मास्तर बोलला, बाकी उद्या कर. मंग ओटीवर ठेवला. उद्या परत न्यायचा तं आज कशाला वागवू?”

“आतल्या खोलीत गेला होतास?”

“नाय. तिथं मास्तर येकटाच बोलत बसं.”

“त्यांच्याशी भांडण होतं तुझं?”

नामाने विचार केला. “मास्तरासंगं भांडाया मास्तरायवढं शिकाया लागतं.”

“बघा मॅडम, उलट बोलतोय,” घुडे म्हणाले. “ह्या रस्त्याला अनवाणी फिरणारा हाच. कोयता ह्याचा, पाय ह्याचा. साहेबांचा निरोप आहे, उद्या दुपारी मुरबाडच्या कोर्टात उभा करा. आणखी काय पाहिजे?”

रंजिता नामाच्या पायांकडे बघत होत्या. जन्मात वहाण न चढलेले पाय. बोटं पंख्यासारखी फाकलेली. साहेबांना बोटं दाखवून भागणार नव्हतं. साहेबांना माणूस लागणार होता.

संशयित दुसराही होता. सुनिल शेलार टोकावड्याच्या नाक्यावर फोनचं बूथ आणि एका कॉम्प्युटरचं कॅफे चालवत असे. पेट्रोलपंपाच्या वादात त्याने शंकासुराला चावडीवर लिहिलं होतं : ‘समोर ये, मग तुझा स्फोट करून दाखवतो.’

“हे तू लिहिलंस?”

“लिवलं. पण मॅडम, तिथं सगळेच असं लिवतात. मास्तरनी मला गाढव म्हटलं, मी स्फोट म्हटलं. संध्याकाळी आमी एकत्र चहा प्यायचो.”

“बुधवारी संध्याकाळी कुठं होतास?”

“बूथवर. लाइन बंद. गिऱ्हाईक येतंय, शिव्या देतंय, जातंय. अख्खा गाव साक्षीला आहे.”

“लाइन कधीपासून बंद?”

“मंगळवारपासून. गावात एक फोन चालत नाय. तो बैल पण लंगडतोय, पण त्याची तक्रार कोण घेणार?”

प्रेत हलवल्यावर रंजिता त्याला मास्तरांच्या खोलीत घेऊन गेल्या. सुनिल चपला घालून आत आला आणि त्याने आपल्या दुकानातला की-बोर्ड जोडून मशीन चालू केलं. मास्तरांचं एक मत ईमेलच्या पेटीत अडकलं होतं. बुधवारी लिहिलेलं, ‘पाठवा’चं बटण दाबलेलं, आणि तार नसल्यामुळे जागच्या जागी उभं.

मत वीजबचत पेटीबद्दल होतं. ही पेटी भिंतीत खोचली की वीजबिल निम्मं होतं, असं म्हणत. मुरबाडपासून घाटापर्यंत घरोघरी तिचा हिरवा दिवा लागलेला होता. मास्तरांनी लिहिलं होतं : ‘पेटी कापली. आत एक दिवा आणि वाळू. आज सकाळी शकूच्या गिरणीत नाचणी दळून पाहिली. एकदा पेटी लावून, एकदा न लावता. मीटरला फरक कळला नाही. शकूलाही मी काय करतोय ते कळलं नाही. ती म्हणाली, पीठ न्या आणि वाट सोडा.’

“हे कोणी वाचलंय?” रंजितांनी विचारलं.

“कोण वाचणार? ते ह्या पेटीतून बाहेरच पडलेलं नाय.”

संध्याकाळी मुरबाडच्या घरी रंजितांनी सकाळचा गठ्ठा उघडला. चावडी नेहमीसारखी होती. पुण्याच्या एकाने फ्रीजवर कापड टाकण्याविरुद्ध लिहिलं होतं. मुरबाडच्या हरेश सरांनी लिहिलं होतं, ‘शंका काढणाऱ्यांना एकच सांगणे : नाचणीसारख्या हलक्या दळणावर वीजबचतीची परीक्षा होत नसते. तांदूळ दळून बघा.’ न्यू जर्सीच्या एकाला गावची आठवण आली होती. कोण कोणाला उत्तर देतंय हे चावडीवर कधीच कळत नसे, आणि विचारण्याची पद्धत नव्हती.

रंजितांनी तीन वेळा वाचलं. मग हरेश सरांना फोन लावला.

“सर, एक मेहरबानी हवी होती. मास्तरांचं मशीन आम्हाला चालू होत नाही. उद्या सकाळी याल?”

हरेश विशे मुरबाडला कॉम्प्युटर क्लास चालवत. अर्ध्या तालुक्याला माउस धरायला त्यांनीच शिकवलं होतं. वीजबचत पेटीही तेच विकत. प्रत्येक पेटीवर त्यांचा हसरा फोटो असे. शुक्रवारी सकाळी ते आले. इस्त्रीचा शर्ट, पायात अणकुचीदार बूट, मोजे नाहीत. उजव्या पायाने जरा लंगडत होते.

“काय झालं सर?”

“गाडीवरून घसरलो. वाईट झालं हो मास्तरांचं. त्या ठाकराला फाशी व्हायला हवी.”

नामाला घुड्यांनी कोर्टात नेण्यासाठी जीपमध्ये बसवून आणलं होतं. तो बेड्यांसकट ओटीच्या कडेला उभा होता. त्याने सरांकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

“चला, आत चला,” रंजिता म्हणाल्या. त्या बूट घालून आत गेल्या. घुडे बूट घालून गेले. सुनिल चपला घालून गेला.

हरेश सरांनी उंबऱ्याबाहेर पाय जुळवले, बूट काढले, भिंतीशी सरळ लावले, आणि पत्र्याच्या किसावरून सांभाळून पावलं टाकत आत आले.

सुनिलचं तोंड उघडं राहिलं होतं.

“सर,” रंजिता म्हणाल्या, “इथं खाली खिळे आहेत, तारा आहेत. बाहेर पाटी आहे. बूट का काढलेत?”

“सवय. मशीनच्या खोलीत बूट नाही. माझी पोरं पण काढतात.”

“आणि काम झाल्यावर?”

“मशीन रीतसर बंद करायचं. आवरण घालायचं.”

हे बोलता बोलता त्यांची नजर फरशीवर गेली. रक्त वाळून काळं पडलं होतं, पण पावलं शाबूत होती. एक जोडी त्यांच्या पायांशेजारीच होती. अगदी तशीच, मुडपलेल्या करंगळ्यांसकट.

“बुधवारी संध्याकाळी तुम्ही मास्तरांना समजवायला आलात,” रंजिता म्हणाल्या. “बूट दारात काढलेत. मास्तरांनी कापलेली पेटी दाखवली, लिहिलेलं वाचायला दिलं. ते ऐकेनात. तुम्ही ओटीवर गेलात, नामाचा कोयता दिसला, तो उचलून परत आलात. चार घाव घातलेत. कोयता पुसलात. मग मशीन बंद केलंत, कांद्यावरचं आवरण झटकून पडद्यावर घातलंत. इथल्या माणसाची मान तुटली होती सर, पण मशीनला धूळ बसता कामा नये. रक्ताच्या पायांनी दारापर्यंत आलात, उंबऱ्यात थांबून हात बाहेर घातलात, बूट आत ओढून पायांत चढवलेत. म्हणून पावलं इथं संपतात. नामाची कशी संपतील? त्याला घालायला बूटच नाहीत. लंगडताय ते गाडीमुळे नाही. तळवा दाखवा, तांब्याची तार निघेल त्यातून.”

“सवयीवरून कोणी खुनी ठरत नाही,” हरेश सर म्हणाले. आवाज क्लासमधलाच होता.

“नाही. पण तुम्ही नाचणीला उत्तर दिलंत.”

“मास्तरांनी लिहिलं, मी उत्तर दिलं. चावडीवर सगळ्यांनी वाचलं असेल.”

“कोणी वाचलं नाही. मंगळवारपासून गावाची तार तुटलीय. मास्तरांचं मत अजून ह्या मशीनमध्येच आहे. ते फक्त इथं, ह्या पडद्यावर वाचता येत होतं. मास्तरांच्या खांद्यावरून.”

हरेश सर पडद्याकडे वळले.

“ते म्हणाले, पाठवलं,” ते हळूच म्हणाले. “म्हणाले, आता जगानं वाचलं. घरोघरी माझा फोटो आहे हो. लोकांनी मला रस्त्यात सोललं असतं. आणि हे हसत होते. म्हणाले, उत्तर असलं तर लिही. म्हणून तर रात्री उत्तर लिहिलं… त्यांचं गेलंच नव्हतं?”

“नाही. थांबला असतात तर खांब दुरुस्त होईपर्यंत सवड होती.”

टेबलावर करवत पडली होती. ती हरेश सरांनी कधी उचलली ते कोणाला दिसलं नाही. घुड्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा पडला आणि रक्ताची चिळकांडी सुनिलच्या तोंडावर उडाली. दुसरा वार रंजितांच्या मानेवर आला. त्या वाकल्या, करवत दाराच्या चौकटीत घुसली. त्यांनी सरांचे केस धरले आणि तोंड त्याच चौकटीवर आपटलं. एकदा. मग आणखी एकदा, कारण पहिल्याने करवत सुटली नव्हती. दोन दात फरशीवर पडले. सर गुडघ्यांवर आले, तेव्हा त्यांच्या उजव्या पायाच्या तळव्यातली सुजलेली, काळी जखम सगळ्यांना दिसली.

घुड्यांनी एका हाताने, शिव्या घालत, नामाच्या बेड्या काढल्या आणि त्याच सरांना चढवल्या. एका बेडीत दोन दिवसांत दोन माणसं. घुडे नामाच्या फाटक्या ओठाकडे बघायचं टाळत होते.

चौकीची दुसरी गाडी येऊन सरांना आणि घुड्यांना घेऊन गेली. जीपमागून इथवरही चालत आलेली मंगळी नवऱ्याच्या मनगटांवरचे वळ चोळत बसली होती. रंजितांना वाटलं, ज्याच्या मानेवरून हे सगळं गेलं त्याला तरी नीट सांगावं. त्यांनी चावडी सांगितली, बैल सांगितला, नाचणी सांगितली, आवरण सांगितलं. नामाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“कळलं का, नामा?”

“कळलं.”

“काही विचारायचंय?”

नामाने जीपकडे पाहिलं, मग बायकोकडे. मंगळीने त्याला कोपराने ढोसलं.

“बाय, वाडीवर सोडशील तं मला म्होरं बसू दे,” तो म्हणाला. “मागं बसलं का मला उलटी व्हते.”